रानडुकरानं मारलेला माणूस: एज ऑफ एम्पायर्स २, डेफिनिटिव्ह एडिशन

आधी या कॉम्प्युटर गेमचा निकाल सांगून टाकतो: घ्या. सेल लागेपर्यंत थांबा, मग घ्या. एवढंच हवं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

ज्यांना पुढे वाचायचंय त्यांना सांगतो. मी छत्तीस वर्षांचा आहे, हिंजवडीत सर्व्हर सांभाळायचं काम करतो. गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला एका रानडुकरानं माझा माणूस मारला आणि मी एवढ्या जोरात ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं ऑफिसचं काहीतरी बंद पडलं.

"काय झालं?"

"डुक्कर."

"डुक्कर?"

"डुक्कर गं. माणूस मारला माझा."

ती काही न बोलता परत गेली. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झालीत.

गेम १९९९ चा, गाव वसवायचं, सैन्य उभं करायचं आणि एकमेकांवर चालून जायचं असा. टेक्सासमधल्या एन्सेम्बल स्टुडिओजनं बनवला, मायक्रोसॉफ्टनं विकला. पुढच्या वर्षी 'द कॉन्करर्स' ही पुरवणी आली. आमच्या हॉस्टेलवर तो पोचला २००७ साली, चाळीस रुपयांच्या सीडीवर, वर काळ्या स्केचपेननं 'एओई + कॉंकरर' लिहिलेलं. तेव्हा आमच्यापैकी एकानंही गेम बनवणाऱ्यांना दमडी दिली नव्हती, हे कबूल करतो. सांगली जिल्ह्यातलं हॉस्टेल, वर्गणी काढून घेतलेला आठ पोर्टचा स्विच आणि खिडकीतून खिडकीत टाकलेल्या निळ्या वायरी. पावसाळ्यात त्या वायरींवर चड्ड्या वाळत असायच्या. रेक्टर अकराला फेरी मारायचे, म्हणून खरा खेळ सव्वाअकराला सुरू व्हायचा.

नियम आमचे आम्हीच केलेले. नकाशा कायम ब्लॅक फॉरेस्ट, म्हणजे सगळीकडे दाट जंगल आणि मधून एखाददुसरी वाट. पहिली पंचवीस मिनिटं कुणी कुणावर चालून जायचं नाही. जो जाईल त्याचा दुसऱ्या दिवशीचा चहा. मग पंचवीस मिनिटं सगळे निवांत शेती करायचे, तीन-तीन पदरी भिंती बांधायचे, आणि एकदम हत्ती-तोफा घेऊन बाहेर पडायचे. उच्चार तर विचारूच नका. ट्रेबुशे आणि ओनेजर ही दगड फेकणारी यंत्रं. ट्रेबुशेला आम्ही 'ट्रेबुचेट' म्हणायचो, ओनेजरला 'ओनेगर'. आजही शनिवारी रात्री आमच्यातला एकजण 'ओनेगर आले रे' असंच ओरडतो, आणि तो आता डब्लिनला राहतो.

त्याच डब्लिनवाल्यानं दुसऱ्या वर्षी जे केलं ते अजून निघतं. ब्लॅक फॉरेस्टमध्ये झाडं म्हणजेच तटबंदी, त्यामुळे पाठीमागच्या बाजूला भिंत बांधायची तसदी कुणी घेत नव्हतं. या पठ्ठ्यानं कुठेतरी वाचलं की दगड फेकणारी ती गाडी जमिनीवर नेम धरून मारली तर झाडंही तोडते. पंचवीस मिनिटं संपली, सगळे वाटेवर नाकाबंदी करून बसलेत, आणि याच्या गाड्या गुपचूप जंगल पोखरत माझ्या टाऊन सेंटरच्या, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीच्या, मागे निघाल्या. मी तेव्हा मॅगी करायला उठलो होतो. परत आलो तर घंटा वाजतेय आणि सगळे विलेजर, म्हणजे कामकरी माणसं, जीव मुठीत धरून पळतायत.

या गेमची खरी भाषा आकड्यांची आहे. चॅटमध्ये १ ते ४२ पैकी एखादा आकडा टाइप केला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं. ३ म्हणजे 'फूड प्लीज', ४ म्हणजे लाकूड, ५ सोनं, ६ दगड. ११ म्हणजे हसू. १३ म्हणजे 'शुअर, ब्लेम इट ऑन युअर आयएसपी', म्हणजे फोड खापर इंटरनेट कंपनीवर. १४ म्हणजे 'स्टार्ट द गेम ऑलरेडी!'. आणि ३० म्हणजे ते सुप्रसिद्ध 'वोलोलो', पहिल्या भागातल्या पुजाऱ्याचा मंत्र, जो म्हटला की समोरचा शिपाई पक्ष बदलतो. हॉस्टेल सुटून पंधरा वर्षं झाली तरी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी हसण्याचा चेहरा पाठवत नाही, ११ पाठवतो. पुण्यात कुणी आला की नुसता '३?' एवढाच मेसेज येतो, म्हणजे जेवायला भेटायचं का. नाशिकवाल्याच्या लग्नात मुहूर्त टळत चालला होता तेव्हा मांडवात मागच्या रांगेतून ग्रुपवर लागोपाठ सहा वेळा १४ पडला. नवरदेवानं बोहल्यावर फोन बघितला नाही हे त्याचं नशीब.

हे सगळं सांगायचं कारण असं की डेफिनिटिव्ह एडिशन विकत घेताना माणूस गेम घेत नाही, हे सगळं परत विकत घेतो. पण हे जिवंत राहिलं कुणामुळे, ते सांगतो, कारण ते मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळलं.

कंपन्यांच्या हिशेबात हा गेम केव्हाच संपला होता. ऑनलाइन खेळायची अधिकृत जागा, म्हणजे एमएसएनचा गेमिंग झोन, २००६ साली बंद झाला. एन्सेम्बल स्टुडिओज २००९ साली बंद पडला. पण खेळणारे उठलेच नाहीत. वूब्लीसारख्या दुसऱ्यांनी चालवलेल्या जागी ते खेळत राहिले. मूळ गेममधले जुने दोष दुरुस्त करणारा, मोठ्या पडद्यावर नीट चालवणारा युजरपॅच चाहत्यांनीच लिहिला, फुकट. आणि २०१२ च्या शेवटी काही चाहत्यांनी मिळून 'फॉरगॉटन एम्पायर्स' नावाची पुरवणी बाहेर काढली. पाच नव्या संस्कृती, म्हणजे खेळायला निवडायचे लोक, नव्या मोहिमा, सगळं रात्री जागून, पदरमोड करून.

आणि गंमत म्हणजे कंपनीनं त्यांना नोटीस पाठवली नाही, कामावर घेतलं. २०१३ साली एचडी आवृत्ती आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चाहत्यांची ती पुरवणी 'द फॉरगॉटन' या नावानं अधिकृत झाली. १४ नोव्हेंबर २०१९ ला आलेली ही डेफिनिटिव्ह एडिशनही त्याच फॉरगॉटन एम्पायर्स मंडळींनी इतर स्टुडिओंच्या साथीनं बनवलेली आहे. वारकऱ्यांनीच पुढे देऊळ चालवायला घ्यावं तसं झालं. कुठल्या दगडाला हात लावायचा नाही हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणून चित्रं नवी असली तरी कुऱ्हाडीचा आवाज तोच आहे. विलेजर मरताना जो 'आँ' करतो तोही तोच.

आता डुकराकडे येतो.

खेळाच्या सुरुवातीला तुमच्याकडे एक टाऊन सेंटर, तीन विलेजर आणि एक घोडेस्वार असतो. नवा विलेजर म्हणजे ५० अन्न आणि २५ सेकंद. टाऊन सेंटर एक सेकंदही रिकामं राहता कामा नये, हा या खेळातला पहिला धडा. आम्हाला तो कळायला बारा वर्षं लागली. जवळ मेंढ्या असतात, एकीचं १०० अन्न. आणि थोडं लांब दोन रानडुकरं. एका डुकराचं ३४० अन्न. म्हणजे जवळजवळ साडेतीन मेंढ्या एका दमात. हॉस्टेलवर आम्ही डुकराच्या वाटेलाच जायचो नाही. फार तर सहा-सात जण एकदम धाडायचो, त्यातले दोन मरायचे, आणि उरलेल्यांना मांस वाहून आणायला चालत चालत अर्धा खेळ लागायचा.

जाणकार काय करतो? एकच माणूस पाठवतो. तो डुकराला दोन बाण मारतो आणि मागे न बघता टाऊन सेंटरकडे धूम ठोकतो. डुक्कर चवताळून मागे. टाऊन सेंटरखाली बाकीचे मेंढी कापत बसलेले असतात, ते ऐन वेळी उठून डुकराला घेरतात. मांस दारात. या सगळ्यात चूक करायला जागा फार थोडी. विलेजरचा जीव २५ एवढाच. लूम नावाचं संशोधन ५० सोनं देऊन आधी केलं असेल तर १५ नं वाढतो. नसेल केलं, आणि मधे झाड आलं, किंवा तुम्ही तेवढ्यात मेंढ्या शोधायला नकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेलात, तर खेळ संपला. माझं नेमकं तेच झालं. पन्नास सोनं वाचवायला गेलो, आणि मेंढी दिसली म्हणून नजर वळली.

हे सगळं शिकायला गेममध्येच 'आर्ट ऑफ वॉर' नावाची शिकवणी आहे. डुक्कर आणणं, अर्थव्यवस्था, लवकर चाल करणं, वेगवेगळे धडे, वर सुवर्णपदक. मला पहिल्या धड्यात सुवर्ण मिळायला आठ प्रयत्न लागले. ज्यांना वाटतं की लहानपणी भरपूर खेळलोय, आपल्याला येतो, त्यांनी आधी तिथे जाऊन यावं. गर्व उतरतो.

बाकी सोयी म्हणाल तर शेत आपोआप परत पेरलं जातं. १९९९ च्या गेममध्ये शेत संपलं की शेतकरी तिथेच हातावर हात ठेवून उभा राहायचा, तुम्ही परत जाऊन नवं बांधायचं. कॉन्करर्समध्ये गिरणीवर पेरणीची रांग लावता यायला लागली, आता तेही नको. माझे वडील इस्लामपूरला ऊस करतात. दिवाळीत ते एकदा मागे उभे राहून बघत होते.

"शेत कितीला?"

"साठ लाकूड."

"आणि पाणी?"

"पाणी नाही लागत, आप्पा."

"आणि किती काढतं?"

"एकशे पंच्याहत्तर."

थोडा वेळ बघत राहिले. "एका शेताला एकच माणूस, आणि बांधावरून भांडण नाही," म्हणाले, आणि चहा घेऊन बाहेर गेले. एवढं नेमकं परीक्षण मी अजून कुठे वाचलेलं नाही.

ऑनलाइन गुणांकनाचं म्हणाल तर तिथे माझी अवस्था सांगण्यासारखी नाही. नवख्याला १००० गुणांवर उभं करतात. मी दोन आठवड्यांत ८०० च्या खाली. समोरचा अकराव्या मिनिटाला धनुर्धारी घेऊन दारात, आणि मी अजून पंचवीस मिनिटांच्या तहात जगतोय. पण खाली घसरत घसरत एकदा आपल्यासारख्यांच्या पातळीला पोचलं की गंमत येते. तिथे सगळेच भिंती बांधतात, सगळेच डुकराला भितात.

आणि या तळाच्या लोकांनाही चाहते आहेत! टी९०ऑफिशियल नावाचा एक समालोचक आहे, तो मोठमोठ्या स्पर्धांचं समालोचन करतोच, शिवाय 'लो एलो लेजंड्स' (एलो म्हणजे हेच गुण) म्हणून आमच्यासारख्या ढ लोकांच्या सामन्यांचंही करतो, आणि तेही विश्वचषकाची फायनल असल्यासारखं. कुणी नकाशाच्या कोपऱ्यात विसरलेल्या एका विलेजरला घेऊन सगळं राज्य नव्यानं उभं करतो, कुणी चाळीस मिनिटं नुसते किल्ले बांधत बसतो. त्याचीच दुसरी कल्पना 'हिडन कप'. त्यात जगातले उत्तमोत्तम खेळाडू टोपणनावानं खेळतात आणि बघणारे त्यांच्या सवयींवरून ओळखायचा प्रयत्न करतात. नॉर्वेचा द व्हायपर, कॅनडाचा हेरा ही नावं आमच्या घरात क्रिकेटपटूंसारखी घेतली जातात, म्हणजे मी घेतो. २०२२ साली रेड बुलनं 'वोलोलो' या नावाचीच स्पर्धा जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या किल्ल्यात भरवली. खऱ्या किल्ल्यात बसून खोट्या किल्ल्यावर हल्ला. माझ्या पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "काका, यात कोण बंदूक मारतं?" त्याच्याशी मी यावर परत बोललो नाही.

आता आपल्याकडच्या माणसाला ज्यात खरा रस असतो ते. २०१३ च्या पुरवणीत 'इंडियन्स' नावाची एक संस्कृती आली. एक. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्यांना मिळून एक, आणि त्यांचा दिमाख उंटांवर. इटलीला एक आणि आख्ख्या उपखंडालाही एक. २०१६ ला 'राइज ऑफ द राजाज' अशी पुरवणी आली तेव्हा आम्ही हुरळून गेलो, उघडून बघतो तर राजे सगळे ब्रह्मदेश, कंबोडिया, मलाया आणि व्हिएतनामचे. शेवटी २८ एप्रिल २०२२ ला 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आली. जुन्या इंडियन्सचे झाले हिंदुस्तानी, आणि शेजारी बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे तीन नवे.

ही पुरवणी कुणीतरी मनापासून केलीय, ते बारकाव्यांवरून कळतं. द्रविडांकडे उरुमी फिरवणारे आहेत, ती केरळची पट्ट्यासारखी लवचीक तलवार, एका फटक्यात आजूबाजूच्या चौघांना. त्यांचं 'वूट्झ स्टील' हे संशोधन केलं की तलवार समोरच्याचं चिलखत मोजतच नाही. ज्यांना दक्षिणेतल्या त्या पोलादाची कीर्ती माहीत आहे त्यांना तिथे थांबून हसू येईल. बंगाल्यांचा रथ चालता चालता धनुष्य सोडून हातघाईवर येतो. गुर्जरांचा श्रीवंश स्वार ढालीवर बाण झेलतो. या तिघांकडे युरोपी नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, नाहीतच. द्रविड विलेजर तमिळमध्ये हुंकार देतो, बंगाली बंगालीत. मोहिमा बाबराची, राजेंद्र चोळाची आणि पालवंशी देवपालाची. देवपालाचं नाव आमच्या शाळेच्या इतिहासात मला एका ओळीपेक्षा जास्त आठवत नाही. इथे त्याच्या सैन्यासाठी मी तीन रात्री जागलो.

आणि मग अर्थातच तो प्रश्न येतो. ऑफिसात कोल्हापूरचा एक सहकारी आहे, त्यानं यादी बघितली आणि पहिल्या वाक्यात विचारलं, "मराठे कुठायत?" नाहीत. "मग कशाला खेळायचं?" मी त्याला सांगितलं की या गेमचा काळ रोम पडल्यापासून साधारण १६०० पर्यंतचा. त्यातल्या अगदी उशिराच्या लढायांपैकी एक म्हणजे कोरियाच्या समुद्रातली १५९८ ची नोर्यांग. महाराजांचा जन्म १६३० चा. गेमच संपतो त्याआधी. त्याला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही मनातून पटत नाही, पण कालगणनेशी भांडून काय उपयोग. माझी तक्रार वेगळी आहे. मराठे बसत नाहीत तर नाहीत, पण देवगिरीचे यादव अगदी मधोमध बसतात. बाराव्या शतकाच्या शेवटापासून चौदाव्याच्या सुरुवातीपर्यंत. त्यांना कुणी विचारलंच नाही.

हा गेम मला इतर सगळ्यांपेक्षा प्रिय आहे तो इथे. तक्रार असेल तर हत्यार तुमच्या हातात दिलेलं आहे. त्याचं नाव सिनॅरिओ एडिटर, १९९९ च्या सीडीवरही होता. नकाशा रंगवायचा, माणसं ठेवायची, आणि 'ट्रिगर' लावायचे: अमुक झालं की तमुक घडवायचं. चाहत्यांनी यातून पंचवीस वर्षांत हजारो लढाया रचल्यात. मी लहान मुलासारखा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बसलो आणि देवगिरी रचायला घेतली, साल १२९६.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. कडा-माणिकपूरचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी काही हजार घोडदळ घेऊन विंध्य उतरून देवगिरीवर येतो. मागून सुलतानाची मोठी फौज येतेय अशी हूल उठवतो. यादवांचं मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर. रामदेवराय किल्ल्यात दार लावून बसतो. घाईघाईत गडावर चढवलेल्या गोण्या उघडल्या तर, परंपरेनं सांगतात त्याप्रमाणे, धान्य नाही, मीठ निघालं.

डोंगर करायला सोपा गेला. एडिटरमध्ये कडा रंगवता येतो, त्यावरून कुणी चढत नाही. वर उंचीही देता येते, आणि उंचावरून मारलेला घाव २५ टक्के जास्त लागतो, त्यामुळे गडाला गडाची किंमत मिळते. एकच वाट ठेवली, वळणावळणाची. अल्लाउद्दीनला हिंदुस्तानी, तिथे वाद नाही. यादवांना काय द्यायचं यावर मात्र आमच्या ग्रुपवर दोन दिवस भांडण. गुर्जर दिले तर कराडवाला उखडला, "आपल्याला गुजरात्यांचे घोडे?" मी म्हणालो यादवांचे कितीतरी शिलालेख कानडीत आहेत, द्रविड देऊ. दिले. परिणाम असा की माझ्या देवगिरीचा राजा शिपायांना हुकूम देतो आणि शिपाई तमिळमध्ये 'आलो' म्हणतात. सवय होते.

आणि मिठाच्या गोण्या. यावर मी आठवडाभर झोपलो नाही. शेवटी असं केलं: खेळ सुरू झाला की रामदेवरायाकडे भरपूर अन्न दिसतं, ४००० च्या वर. खेळणारा खुशीत राहतो, शेती करत नाही. वेढा पडून पाच मिनिटं झाली की एक ट्रिगर सुटतो आणि सगळं अन्न गायाला, म्हणजे कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या त्या सातबाराबाहेरच्या खात्याला, वर्ग होतं. पडद्यावर एक ओळ येते, रोमन लिपीत मराठी: 'महाराज, गोण्यांत मीठ निघालं.' बस. पुढे काय ते तुमचं तुम्ही.

दोष सांगायचे राहिले. आख्खं सैन्य एका फाटकातून काढताना घोडेस्वार एकमेकांत अडकून लग्नातल्या पंगतीसारखे ताटकळतात. पुरवण्या एकेक करून विकतात. सगळ्या घ्यायच्या म्हटल्या तर मूळ गेमपेक्षा त्याच महाग पडतात, तेव्हा डोळे मिटून 'सगळं एकत्र' वर बोट ठेवू नका. २०२५ ची 'द थ्री किंगडम्स' मला पटली नाही. तिसऱ्या शतकातली चीनची जेमतेम काही दशकं टिकलेली राज्यं, आणि त्यांचे नायक नेहमीच्या सामन्यांतही उतरवलेत. जुने चाहते चिडले, आणि त्यात मीही आहे. या गेमच्या नेहमीच्या सामन्यांत कुणी हिरो नसायचा, सगळे साधे शिपाई असायचे. ती शिस्त मोडायला नको होती.

आणि ही गोष्ट घेण्याआधी नक्की वाचा: मित्रांबरोबर खेळायचं तर खात्यात लॉग-इन लागतं, म्हणजे इंटरनेट लागतंच, चौघं एकाच सतरंजीवर बसलेले असले तरी. आम्ही हे न वाचता गेल्या पावसाळ्यात पाचगणीला चार लॅपटॉप घेऊन गेलो. बंगल्यावर धुकं, बाहेर मोबाइलला एक काडीही नाही. हॉस्टेलच्या निळ्या वायरीची त्या रात्री फार आठवण आली. शेवटी पत्ते खेळलो, आणि तिथेही कराडवाला दर हातागणिक तोंडानं '११' म्हणत होता.

यंत्र फार भारी लागत नाही. मी तपकीर गल्लीतून जुना घेतलेला पीसी वापरतो, उत्तम चालतो. चित्रं आणखी बारीक हवी असतील तर वेगळा ग्राफिक्स पॅक आहे, तो फुकट आहे, पण साध्या यंत्रावर त्याच्या भानगडीत पडू नका. गेममध्ये हिंदी भाषाही निवडता येते. एक संध्याकाळ लावून बघितली, पण इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात जिथे जातो तिथलं नाव मलाच वाचता येईना, परत इंग्रजीवर आलो. आईवडिलांना शिकवायचं असेल तर मात्र हिंदी लावून द्या. आमच्या आप्पांना एकदा बसवायचा विचार आहे, भिंती तर ते बांधतीलच.

देवगिरीची पहिली चाचणी गेल्या शनिवारी झाली. रामदेवराय डब्लिनवाला, कारण त्याला ही गोष्ट आठवत नव्हती. अल्लाउद्दीन नाशिकवाला. मी आणि कराडवाला नुसते बघे. पाच मिनिटं डब्लिनवाला गडावर बसून खाली बाण मारत होता आणि आम्हाला सांगत होता की हा नकाशा फारच सोपा झालाय, अन्न कमी कर, मजा नाही. कराडवाला हेडफोनमध्ये काही बोलला नाही, फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

मग ती ओळ आली.

पहिले दोन सेकंद शांतता. मग एक शिवी, ती इथे लिहीत नाही. मग तो विचारायला लागला की शंकरदेव कधी येतो, येतो की नाही, ट्रिगर लावलायस का त्याचा. मी म्हणालो, येतो. "किती मिनिटांनी?" मी सांगितलं नाही. त्यानं चॅटमध्ये टाइप केला ३. परत ३. परत ३. 'फूड प्लीज', 'फूड प्लीज', 'फूड प्लीज'. खालून नाशिकवाल्यानं उत्तर दिलं, ११.